अकरावा दिवस आणि सोबतीचा प्रश्न

पत्र: "मी ४१ वर्षांचा आहे. वीस वर्षं सिगारेट ओढली, रोज दहा-बारा. आज सोडून अकरा दिवस झाले. याआधी दोनदा सोडली होती, कोणालाही न सांगता, आणि दोन्ही वेळा महिन्याच्या आत पुन्हा धरली. या वेळी घरी सांगितलं. चौदा वर्षांची मुलगी भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज हिरवी फुली मारते. बायको काही बोलत नाही, पण मी घरात शिरलो की जवळ येऊन वास घेते, ते मला कळतं. ऑफिसात ज्यांच्याबरोबर ओढायचो ते रोज विचारतात, 'काय, अजून टिकून आहेस?' सगळे माझ्या बाजूचे आहेत, तरी इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं. परवा बायकोवर विनाकारण ओरडलो. डॉक्टरांनी सिगारेट सोडणाऱ्यांच्या गटात यायला सुचवलंय, पण अनोळखी माणसांसमोर बसून रडगाणं गाणं मला जमणार नाही. मनाचा निग्रह असेल तर हे एकट्याने व्हायला हवं ना?"

उत्तर:

"सगळे माझ्या बाजूचे आहेत, तरी इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं." तुमचं हे वाक्य वाचून मी थोडा वेळ तशीच बसून राहिले. मी १९ वर्षं सिगारेट ओढली. चौथ्या खेपेला सुटली, त्याला आता १४ वर्षं झाली. त्या चौथ्या खेपेच्या दुसऱ्या आठवड्यात मला नेमकं असंच वाटत होतं. तेव्हा मला ते असं शब्दांत मांडता आलं नव्हतं.

आधी तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते. नाही, हे एकट्यानेच व्हायला हवं असं काही नाही. एकट्याने सोडणारी माणसं असतात, पण तुम्ही दोनदा तसं करून पाहिलंत आणि ते टिकलं नाही. मीही तीनदा करून पाहिलं. तिन्ही वेळा कोणालाच सांगितलं नाही. उगाच गाजावाजा कशाला, करूनच दाखवू, असं मी स्वतःला सांगायचे. खरं कारण वेगळं होतं. कोणाला माहीतच नसलं, तर पुन्हा पेटवली तरी कोणाला कळणार नाही. गुपचूप सोडताना मी मागचं दार उघडं ठेवत होते, आणि तिन्ही वेळा त्याच दारातून परत गेले. या वेळी तुम्ही घरी सांगून ते दार लावून घेतलंय. माझ्या मते तुमच्या आधीच्या दोन प्रयत्नांपेक्षा हा प्रयत्न इथेच वेगळा झाला.

आता निग्रहाबद्दल. धूर आत घेतल्यापासून निकोटिन मेंदूत पोचायला १० ते २० सेकंद लागतात. दिवसाला दहा सिगारेटी आणि प्रत्येकीचे दहा झुरके धरले, तर वीस वर्षांत सात लाखांहून जास्त वेळा तुमच्या मेंदूला हा धडा मिळालाय: ताण आला, झुरका घे; जेवण झालं, झुरका घे; फोन वाजला, झुरका घे. एवढा गिरवलेला धडा अकरा दिवसांत पुसला जात नाही, म्हणून तुम्ही कमकुवत ठरत नाही. तुमची चिडचिडही त्यातलीच आहे. निकोटिन रक्तातून झपाट्याने कमी होतं, साधारण दोन तासांत निम्मं, आणि मेंदू ते मागत राहतो. झोप उडणं, लक्ष न लागणं, सतत भूक लागणं, बारीकसारीक गोष्टींवर भडकणं या सगळ्याचा जोर पहिल्या आठवड्यात सर्वांत जास्त असतो आणि पुढच्या दोन ते चार आठवड्यांत तो ओसरत जातो. तुमची सर्वांत खडी चढण मागे पडली आहे. हे बायकोला आज सांगा. ओरडल्याबद्दल माफी मागायची ती मागाच, पण ही चिडचिड कुठून येते आणि साधारण केव्हा उतरेल, हेही तिला माहीत असू द्या. कारण न कळता ओरडा खाणं माणसाला फार लागतं.

जाता जाता एक छोटी गोष्ट, जी मला कोणी वेळेवर सांगितली नव्हती. सिगारेटच्या धुराने शरीरात कॅफीनचा निचरा लवकर होत असतो. सिगारेट सुटली की तीच नेहमीची कॉफी जास्त चढते, छाती धडधडते, रात्री डोळा लागत नाही, आणि आपण समजतो की सगळं सिगारेट सोडल्यामुळेच. प्रमाण थोडं कमी करून पाहा. काही औषधांचंही असंच असतं, म्हणून कुठलं औषध रोज घेत असाल तर सिगारेट सोडल्याचं डॉक्टरांना आवर्जून सांगा.

आता एकटेपणाकडे येते. तुमच्या आजूबाजूला माणसं भरपूर आहेत, पण ती सगळी तुमच्याकडे बघत उभी आहेत. मुलगी फुल्या मोजते, बायको वास घेते, मित्र रोज हजेरी घेतात. त्यांच्या मायेबद्दल मला जराही शंका नाही. पण या सगळ्याचा मिळून पहारा झालाय, आणि पहाऱ्यात माणूस एकटाच असतो. तुम्हाला हवी आहे सोबत, म्हणजे याच वाटेवरून चालणारं किंवा नुकतंच चालून गेलेलं कोणीतरी. तलफ येते म्हणजे काय होतं, हे ज्याला समजावून सांगावं लागत नाही असं माणूस.

अशी माणसं तुम्हाला वाटतात त्यापेक्षा खूप आहेत. ओढणारी माणसं दिसतात, कारण ती इमारतीच्या बाहेर घोळक्याने उभी असतात. सोडलेली दिसत नाहीत, कारण ती तिथे उभी नसतात, जागेवर बसून काम करत असतात. ऑफिसात दोघा-तिघांना सहज विचारा, "इथे सिगारेट सोडलेलं कोणी आहे का?" एखादं नाव ऐकून तुम्ही चकित व्हाल. त्यांच्याकडे जाऊन एवढंच म्हणा, "मी अकरा दिवसांपूर्वी सोडली. तुम्हाला कसं जमलं?" सोडलेल्या माणसाला हा प्रश्न विचारला की तो हातातलं काम बाजूला ठेवतो. मी आजही ठेवते.

आणि गट. तुम्ही म्हणता तसं रडगाणं असेल अशीच माझीही समजूत होती, म्हणून पहिल्या दिवशी मी दाराजवळची खुर्ची धरली होती. दर गुरुवारी संध्याकाळी आठ-नऊ माणसं गोल करून बसायची. समुपदेशक बाई फार कमी बोलायच्या. किती दिवस झाले, एखादी ओढली का, हे त्यांनी कधी विचारलं नाही. प्रत्येकाला एकच प्रश्न असायचा: "गेल्या आठवड्यातली सगळ्यात अवघड पाच मिनिटं कोणती?" कोणी म्हणायचं, वरिष्ठांनी झापलं त्यानंतरची. कोणी म्हणायचं, सकाळी डोळे उघडले ती. एकदा एक तरुण मुलगा म्हणाला, "आनंदाची बातमी आली ती. दुःखाची तयारी केली होती, आनंदाची केलीच नव्हती." सगळ्यांच्या माना एकदम हलल्या. असं मान हलवणं मला घरी कोणाकडून मिळणं शक्य नव्हतं, कारण घरी कोणीच कधी ओढली नव्हती. आणि रडणं म्हणाल तर एक-दोनदा झालं, त्यात कोणाला काही वावगं वाटलं नाही.

त्या गटात साठीचे एक गृहस्थ होते, सगळे त्यांना काका म्हणत. पस्तीस वर्षं ओढून त्यांच्या उजव्या हाताच्या तर्जनीचं आणि मधल्या बोटाचं नख जर्द पिवळं झालं होतं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात त्यांनी हात पुढे केला. नखाच्या मुळाशी गुलाबी रंगाची बारीक चंद्रकोर आली होती, आणि तिच्या पुढे पिवळं नख सरळ रेघ मारल्यासारखं सुरू होत होतं. हाताचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं. मग दर गुरुवारी काका आल्या आल्या हात पुढे करायचे आणि आम्ही सगळे वाकून ती रेघ कुठवर आली ते बघायचो. साधारण सहाव्या महिन्यात ती टोकाशी पोचली. उरलेला पिवळा तुकडा त्यांनी घरी कापला नाही, नेलकटर घेऊन गटात आले. तुमच्याही बोटांवर डाग असेल तर आज नख नीट पाहा. अकरा दिवसांची कडा जेमतेम एक मिलिमीटरची असेल, पण असेल.

अशा एकत्र सोडण्यात ताकद असते, हे माझ्या एकटीच्या अनुभवावरून मी म्हणत नाही. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम इथे हृदयविकाराचा एक अभ्यास १९४८ पासून चालू आहे. निकोलस क्रिस्टाकिस आणि जेम्स फाउलर या संशोधकांनी तिथल्या १२,०६७ माणसांच्या १९७१ ते २००३ या काळातल्या नोंदी घेतल्या, कोण कोणाचं नातलग, कोण कोणाचा मित्र, कोणी कधी सिगारेट सोडली हे सगळं जुळवलं, आणि २००८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. नवरा-बायकोपैकी एकाने सोडली तर दुसऱ्याची ओढत राहण्याची शक्यता ६७ टक्क्यांनी कमी झालेली होती. मित्राने सोडली तर ३६ टक्क्यांनी, आणि छोट्या ऑफिसातल्या सहकाऱ्याने सोडली तर ३४ टक्क्यांनी. एकमेकांशी जोडलेले घोळकेच्या घोळके एकत्र सुटत होते. इंग्लंडमध्ये २०१२ पासून ऑक्टोबर महिन्यात हजारो लोक २८ दिवस एकाच वेळी सिगारेट सोडतात, तेही याच विचारातून. म्हणजे तुम्ही सोडलीत त्याचा परिणाम तुमच्यापुरता राहीलच असं नाही. रोज "टिकून आहेस?" विचारणाऱ्यांपैकी एखादा तुमच्याकडे बघून मनात गणित मांडत असेल.

त्या मित्रांबद्दल स्पष्टच बोलते. पहिला महिना त्यांच्याबरोबर खाली जाऊ नका. त्यांना तोडूही नका. सिगारेटच्या निमित्ताने मिळणाऱ्या त्या दहा मिनिटांच्या गप्पा गेल्या, याचंही दुःख असतं आणि ते खरं असतं. म्हणून जेवणाच्या सुट्टीत त्यांच्याबरोबर बसा, काम संपल्यावर दरवाजापर्यंत बरोबर चाला. आणि त्यांना एक नेमकं काम सांगा: "मी मागितली तरी मला देऊ नका. चिडलो तरी देऊ नका." 'मला पाठिंबा द्या' म्हटलं तर लोकांना नेमकं काय करायचं ते समजत नाही. मग ते चौकशा करतात, थट्टा करतात, शाबासकी देतात. 'मला देऊ नका' हे कोणालाही समजतं.

बायकोलाही असंच एक काम द्या, आणि त्याआधी एक वचन द्या. सांगा, "माझा वास घेऊ नकोस. ओढली तर त्याच रात्री मी स्वतः तुला सांगेन, आणि मी सांगेन तेव्हा तू पाच मिनिटं काही बोलू नकोस." हा सौदा दोघांनाही जड जाईल. पण वास घेतला जाणारा माणूस वास लपवायला शिकतो, मी शिकले होते. त्या वासाच्या जागी तिच्याकडे दुसरं काहीतरी मागा. रात्री जेवण झाल्यावर वीस मिनिटं दोघं बाहेर चालायला जा. जेवणानंतरची तलफ बहुतेकांना सर्वांत चिवट असते, आणि तलफ काही मिनिटांतच ओसरते. कोपऱ्यावरून वळून परत येईपर्यंत ती गेलेली असेल.

मुलीचं कॅलेंडर मात्र मला आवडलं, आणि थोडी भीतीही वाटली. एखाद्या दिवशी पाय घसरला तर त्या हिरव्या फुल्यांच्या रांगेसमोर उभं राहायची तुमची हिंमत होणार नाही, तुम्ही खोटी फुली मारू द्याल, आणि तिथून सगळं पोखरलं जाईल. म्हणून आजच तिच्याशी ठरवा: चुकलो तर त्या दिवशी निळी फुली, दुसऱ्या दिवशी पुन्हा हिरवी. आधीच्या हिरव्या खोडायच्या नाहीत, मोजणी एकपासून सुरू करायची नाही. काही जण म्हणतात की शून्यावर आणलं नाही तर माणूस सैल पडतो. मला ते पटत नाही. तीस दिवसांत एक निळी म्हणजे एकोणतीस दिवस फुप्फुसांत धूर गेलेला नाही, आणि हे एकोणतीस दिवस कोणीही परत घेऊ शकत नाही. चौदा वर्षांच्या मुलीला हे समजतं, कदाचित आपल्यापेक्षा लवकर.

घसरण्याबद्दल आणखी थोडं, कारण तुमचे आधीचे दोन्ही प्रयत्न कदाचित याच जागी संपले असतील. एक झुरका क्षुल्लक आहे असं मी म्हणणार नाही. धोका खराच आहे, पुष्कळ जण त्या एकावरून पूर्वीच्या आकड्यावर जातात. पण त्यांना तिथे नेण्यात निकोटिनइतकाच 'आता गेलंच सगळं' या विचाराचाही हात असतो, आणि हा विचार एकांतात वाढतो. म्हणून घसरलात तर त्या पहिल्या तासात कोणाला सांगायचं, ते नाव आज ठरवून ठेवा. पाकीट असेल तर उरलेल्या सिगारेटींवर पाणी ओता आणि त्या नावाला फोन करा. सकाळची वाट बघू नका.

माझ्यासाठी ते नाव होतं एका ताईंचं. त्या माझ्या आठ महिने पुढे होत्या. आमचं ठरलं होतं की तलफ आली की फक्त "आली" एवढं एका शब्दात कळवायचं, त्या लगेच फोन करतील. एकदा रात्री पावणेबारा वाजता मी कळवलं. तेव्हा मी खिडकीशी उभी होते, ड्रॉवरमध्ये काडेपेटी होती आणि कोणाकडून तरी मागून आणलेली एक सिगारेट. त्यांनी समजावलं नाही, ओरडल्या नाहीत. विचारलं, "खिडकीतून काय काय दिसतंय?" मी सांगत गेले: समोरच्या घरातला एक दिवा, वाळत घातलेले कपडे, रस्त्यावरून चाललेलं मांजर, आता ते थांबलं, आता गाडीखाली शिरलं. मांजर पुन्हा बाहेर यायला बराच वेळ लागला. ते आलं तेव्हा हात सैल झाले होते. फोन सात मिनिटांचा होता, मी नंतर पाहिलं.

असं कोणीतरी शोधा, पण एकावर भिस्त ठेवू नका. ताईंच्या आधी माझी सोबतीण होती माझ्यासारखीच नवी एक मुलगी. सहाव्या आठवड्यात तिने पुन्हा सुरू केली आणि तिच्याबरोबर मीही जवळजवळ गेलेच होते, कारण आम्ही 'दोघी मिळून' सोडली होती. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते, बरोबरीचं एक माणूस असू द्या आणि बरंच पुढे गेलेलं एक. बरोबरीचा घसरला तर त्याला फोन करत राहा, पण तुमचं सोडणं त्याच्या सोडण्याला बांधू नका. गट शक्य नसेल तर बऱ्याच देशांत तंबाखू सोडण्यासाठी मोफत दूरध्वनी सेवा आहेत. तिथले प्रशिक्षित समुपदेशक बहुतेक ठिकाणी नंतर स्वतःहून फोनही करतात. अनोळखी माणसाशी बोलणं आपल्या माणसाशी बोलण्यापेक्षा कितीदा तरी सोपं जातं, हे तिथे कळतं. तुमचं हे पत्रही तुम्ही एका अनोळखी बाईलाच लिहिलंय.

औषधांचं तुम्ही काही लिहिलं नाहीत. डॉक्टरांना निकोटिनची पट्टी, गम आणि गोळ्यांबद्दल नक्की विचारा. पट्टी आणि गम मिळून एकट्या गमपेक्षा चांगलं काम करतात, आणि औषधाला माणसांची जोड मिळाली की आणखी चांगलं. गम मात्र सतत चघळायचा नाही. झिणझिणी आली की गालात दाबून ठेवायचा, ती गेली की पुन्हा थोडा चावायचा. औषध घेण्यात कमीपणा वाटत असेल तर तो वाटू देऊ नका. मन सतत फार खचलेलं वाटलं तर तेही डॉक्टरांना सांगा, ते अंगावर काढू नका.

अभिनंदनाचा पाऊस पहिल्या महिन्यात पडतो. तिसऱ्या महिन्यात कोणाच्या लक्षातही राहत नाही, आणि एखाद्या वाईट दिवशी हात खिशाकडे जातो. म्हणून तुमच्या सोबत्याला आत्ताच दोन तारखा लिहून द्या, तीस दिवसांची आणि नव्वद दिवसांची, आणि त्या दिवशी आठवणीने फोन करायला सांगा. ब्रिटनमधल्या डॉक्टरांवर १९५१ पासून पन्नास वर्षं चाललेल्या अभ्यासात चाळिशीच्या सुमारास सोडणाऱ्यांनी, ओढत राहिलेल्यांच्या तुलनेत, साधारण ९ वर्षांचं आयुष्य कमावलेलं दिसलं. तुम्ही ४१ चे आहात. हा आकडाही त्या तारखांच्या खाली लिहून ठेवा.

गटाच्या पुढच्या बैठकीला जा. दाराजवळची खुर्ची घेतलीत तरी चालेल, बोलला नाहीत तरी चालेल. तिथून आलात की मला पुन्हा लिहा. किती दिवस झाले ते कळवलं नाहीत तरी हरकत नाही. सगळ्यात अवघड पाच मिनिटं कोणती होती, आणि तेव्हा कोणाला फोन केलात, तेवढं कळवा.